आल्फ्रेड वेगेनर : खंडांच्या प्रवासाचा शोधक

संस्कृतच्या तासाला अमरकोश उघडला म्हणजे पृथ्वीच्या नांवांत एक नांव आपणांस आरंभींच भेटतें, तें म्हणजे अचला. जी हालत नाहीं ती. पर्वतासही आपण अचल म्हणतों. ज्या जमिनीवर आपण घर बांधतों, शेत नांगरतों व शेवटीं जिच्या कुशींत विसांवा घेतों, ती स्थिर आहे हा भरंवसा मनुष्याच्या इतर सर्व भरंवशांच्या तळाशीं असतो. या भरंवशास ज्यानें पुराव्यानिशीं धक्का दिला, त्याबद्दल आयुष्यभर टीका सोसली, आणि आपलें म्हणणें खरें ठरलेलें पाहण्यापूर्वींच ज्यानें बर्फांत देह ठेविला, त्या आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थी वाचकांस व त्यांच्या पालकांस सादर करीत आहों.

वेगेनर यांचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजीं बर्लिन येथें झाला. पांच भावंडांत ते शेंडेफळ होते. त्यांचे वडील रिचर्ड वेगेनर हे धर्मशास्त्राचे पंडित असून एका जुन्या विद्यालयांत प्राचीन भाषा शिकवीत. शिवाय अनाथ मुलांच्या एका आश्रमाची जबाबदारीही त्यांच्यावर होती. अशा विद्याव्यासंगी व धर्मशील घरांत आल्फ्रेड वाढले. शाळेच्या शेवटच्या परीक्षेंत ते आपल्या वर्गांत पहिले आले. पुढें बर्लिन, हायडेलबर्ग व इन्सब्रुक येथें त्यांनीं पदार्थविज्ञान, खगोलशास्त्र व हवामानशास्त्र यांचें अध्ययन केलें आणि १९०५ सालीं खगोलशास्त्रांत डॉक्टरची पदवी मिळविली. भूगर्भशास्त्राची पदवी मात्र त्यांनीं घेतली नव्हती, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें त्यांच्यावर जे प्रहार झाले त्यांचें एक मूळ येथें आहे.

पदवी मिळाल्यावर ते हवामानाच्या अभ्यासाकडे वळले. वरच्या हवेचें उष्णमान व वारे मोजण्यासाठीं त्या काळीं पतंग व वायूचे मोठाले फुगे आकाशांत सोडीत. एप्रिल १९०६ मध्यें आल्फ्रेड व त्यांचे वडील बंधु कुर्ट हे अशाच एका फुग्यांत बसून सलग साडेबावन्न तास अंतराळांत राहिले. इतका वेळ त्यापूर्वीं कोणीही राहिलें नव्हतें. त्याच वर्षीं एका डॅनिश मोहिमेबरोबर ते ग्रीनलंडच्या ईशान्य किनाऱ्यास गेले. तेथें त्यांनीं हवामान पाहण्याचें ठाणें उभारलें व १९०८ पर्यंत दोन हिवाळे काढले. या मोहिमेचा नायक मिलियुस-एरिक्सन व त्याचे दोन सोबती बर्फांतच मरण पावले. तो प्रदेश मनुष्यापासून काय मागून घेतो, हें वेगेनर यांनीं ऐन तारुण्यांत पाहिलें; तरी त्याची ओढ त्यांच्या मनांतून कधींच गेली नाहीं.

परत आल्यावर ते मारबुर्ग येथील विद्यापीठांत शिकवूं लागले. १९१० सालच्या नाताळाच्या सुमारास त्यांच्या एका सहकाऱ्यास एक नवा मोठा नकाशासंग्रह भेट मिळाला होता. तीं सुंदर पानें न्याहाळीत असतां वेगेनर यांची दृष्टि अटलांटिक महासागराच्या दोन्ही तीरांवर खिळली. ब्राझील देशाचा पुढें आलेला कोपरा आफ्रिकेच्या गिनीच्या आखातांत नेमका बसेल असा दिसत होता. हें साम्य त्यांच्यापूर्वींही अनेकांच्या लक्षांत आलें होतें. नकाशा भरतांना आमच्या विद्यार्थ्यांपैकींही कित्येकांस तें जाणवलें असेल. वेगेनर यांचा विशेष असा कीं, ते तेवढ्यावर थांबले नाहींत. नुसते किनारे न जुळवितां समुद्रांत बुडालेल्या खंडांच्या खऱ्या कडा त्यांनीं ताडून पाहिल्या, तों जोड अधिकच नेटका दिसला. पुढच्या वर्षीं त्यांच्या वाचनांत आलें कीं, दोन्ही तीरांवर सांपडणारे प्राचीन जीवांचे अवशेषही एकमेकांशीं जुळतात. तेव्हां नकाशावर सुचलेली कल्पना त्यांनीं गंभीरपणें हातीं घेतली.

लुगडें फाटून त्याचे दोन तुकडे झाले, तर ते एकाच लुगड्याचे आहेत हें आपण कसें ओळखतों? केवळ कडा जुळून भागत नाहीं. काठावरची नक्षी एका तुकड्यावरून दुसऱ्यावर अखंड गेली पाहिजे. वेगेनर यांनीं नेमकी हीच परीक्षा केली. मेसोसॉरस नांवाचा पाण्यांत राहणारा लहानसा सरपटणारा प्राणी. त्याचे अवशेष दक्षिण अमेरिका व आफ्रिकेचा दक्षिण भाग या दोनच प्रदेशांत सांपडतात. एवढासा जीव अफाट खारा समुद्र पोहून गेला असेल हें संभवत नाहीं. ग्लॉसोप्टेरिस नांवाच्या जिभेसारख्या पानांच्या वनस्पतीची गोष्ट तर याहूनही नवलाची. तिचे अवशेष दक्षिण अमेरिका, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि आपला हिंदुस्थान अशा दूरदूरच्या देशांत मिळाले आहेत. आमच्या वाचकांस हें ऐकून संतोष वाटेल कीं, नागपूर-कामठीकडील खडकांतून अशा वनस्पतींचे अवशेष परिश्रमपूर्वक गोळा करणारे गृहस्थ एक मिशनरी शिक्षकच होते. ते रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप होत. १८६३ सालीं ते बुडून मरण पावले. परंतु त्यांनीं जमविलेल्या दगडी पानांचें वर्णन विलायतेंत १८६१ सालींच प्रसिद्ध झालें होतें. ज्या प्राचीन विशाल भूमींत हीं झाडें वाढलीं, तिला मिळालेलें गोंडवन हें नांवही आपल्या मध्य हिंदुस्थानांतील गोंडांच्या मुलखावरून पडलें आहे.

तिसरी खूण हवामानाची. चंद्रपूर जिल्ह्यांत पैनगंगेच्या पात्राजवळ हिमनदीनें घासून चरे पाडलेले खडक आहेत. जेथें आज वैशाखांत अंगाची लाही होते, तेथें एके काळीं बर्फाचे थर सरकत होते! उलट उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गेन बेटांवर दगडी कोळसा, म्हणजे प्राचीन अरण्यांची राख न झालेली लांकडें, सांपडतो. हवामानशास्त्रज्ञास हें कोडें सहज सोडवेना, तेव्हां त्यानें सरळ उत्तर दिलें : हवामानाचे पट्टे आपल्या जागीं होते, जमिनीच स्थलांतर करून गेल्या.

त्या काळचे पंडित याचें निराळें स्पष्टीकरण देत. खंडाखंडांच्या दरम्यान पूर्वीं लांबच लांब जमिनीचे पूल होते व ते पुढें समुद्रांत बुडाले, असें ते म्हणत. वेगेनर यांचें उत्तर असें कीं, खंडांचा खडक हलका व समुद्राच्या तळाचा खडक जड आहे. लांकडाचा ओंडका जसा पाण्यांत बुडत नाहीं, तसें हलकें खंड जड तळांत बुडूं शकत नाहीं. तें बुडत नाहीं, मग तें बाजूस सरकलें असेंच मानलें पाहिजे. ६ जानेवारी १९१२ रोजीं फ्रँकफुर्ट येथें भूगर्भशास्त्रज्ञांच्या सभेंत त्यांनीं हें मत प्रथम मांडलें. सर्व खंडें एके काळीं एकत्र होतीं, मग तीं फुटून दूरदूर गेलीं, असा त्याचा आशय होता. त्या वर्षींच्या आपल्या निबंधांत त्यांनीं आणखी एक गोष्ट सुचविली होती. अटलांटिकच्या मधोमध पाण्याखालीं जी पर्वतरांग आहे, तेथें समुद्राचा तळ सतत उसवत असून खालचा तप्त पदार्थ वर येत असावा, असें त्यांनीं लिहिलें. दुर्दैवानें हा धागा त्यांनीं पुढें सोडून दिला. त्यांच्या कोड्याची किल्ली तेथेंच होती!

त्याच वर्षीं ते कोख नांवाच्या डॅनिश अधिकाऱ्याबरोबर पुन्हां ग्रीनलंडला निघाले. वाटेंत आइसलंड बेटावर त्यांनीं मोहिमेसाठीं तट्टें घेतलीं व तीं बर्फावर चालवून पाहिलीं. हें बेट त्याच बुडालेल्या पर्वतरांगेचा पाण्यावर आलेला भाग होय; अटलांटिक महासागर जेथें उसवतो, त्याच जागेवरून वेगेनर चालत गेले होते. ग्रीनलंडमध्यें चौघांनीं बर्फाच्या पठारावर हिवाळा काढला आणि १९१३ च्या उन्हाळ्यांत तें विस्तीर्ण हिमपठार ओलांडलें. पश्चिम किनारा दृष्टीच्या टप्प्यांत आला तेव्हां अन्न संपलें होतें. शेवटचें तट्टू व शेवटचा कुत्राही खाऊन झाला होता. अशा वेळीं दूरच्या एका मंडळीस भेट देण्यास निघालेल्या उपर्नाविक गांवच्या पाळकसाहेबांची होडी त्या खाडींत आली व चौघांचे प्राण वांचले. ईश्वराची योजना कोणत्या होडींतून येईल हें सांगवत नाहीं.

परत आल्यावर वेगेनर यांचा विवाह प्रसिद्ध हवामानशास्त्रज्ञ कोपेन यांची कन्या एल्झ हिच्याशीं झाला. पुढें त्यांस तीन मुली झाल्या. परंतु विवाहानंतर वर्षाच्या आंतच पहिलें महायुद्ध पेटलें व राखीव दलांतील अधिकारी म्हणून त्यांस आघाडीवर जावें लागलें. दोनदां ते जखमी झाले. त्या युद्धाच्या धामधुमींतच, १९१५ सालीं, खंडें व महासागर यांच्या उत्पत्तीविषयींचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जेमतेम शंभर पानांचें हें पुस्तक. १९२०, १९२२ व १९२९ सालीं त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या, आणि प्रत्येक आवृत्तींत त्यांनीं नवे पुरावे घातले.

या ग्रंथावर मोठें वादळ उठलें. हवामानाचा अभ्यासक दुसऱ्याच्या शेतांत कां शिरतो, असा रोष कित्येकांनीं प्रकट केला. पण सर्वच विरोधक केवळ दुराग्रही होते असें आम्हांस वाटत नाहीं. त्यांचा एक प्रश्न अगदीं रास्त होता. एवढीं अवजड खंडें कोणत्या शक्तीनें सरकतात? वेगेनर यांनीं पृथ्वीच्या भ्रमणापासून उत्पन्न होणारी व चंद्र-सूर्यांच्या आकर्षणाची, अशा दोन शक्ति सांगितल्या. परंतु गणित करून पाहतां त्या फारच दुबळ्या ठरल्या. शिवाय कठीण समुद्रतळ कापीत खंडें पुढें जातात ही कल्पनाही पटण्याजोगी नव्हती. ग्रीनलंड कोणत्या गतीनें सरकतें याचें त्यांनीं मानलेलें मापही सत्याच्या कितीतरी पट अधिक निघालें. सारांश, खंडें हालतात हें त्यांनीं बरोबर ओळखलें; कशानें हालतात हें सांगतांना ते चुकले. कारण सांपडलें नाहीं म्हणून घडलेली गोष्ट खोटी ठरत नाहीं, या श्रद्धेवर ते अखेरपर्यंत उभे राहिले.

१९२४ सालीं ऑस्ट्रियांतील ग्राझ येथें त्यांस प्राध्यापकाची जागा मिळाली. आतां स्वस्थ बसून लिहिण्याचे दिवस आले असें वाटत होतें. परंतु १९३० सालीं एका मोठ्या जर्मन मोहिमेचे नायक म्हणून ते पुन्हां ग्रीनलंडला गेले. किनाऱ्यापासून सुमारें ४०० किलोमीटर आंत, बर्फाच्या पठाराच्या मध्यावर, आयस्मिटे नांवाचें ठाणें घालून तेथें वर्षभर हवामान व बर्फाची जाडी मोजावयाची होती. गेओर्गी व झोर्गे हे दोघे शास्त्रज्ञ तेथें राहिले. पंख्याच्या जोरावर चालणाऱ्या नव्या गाड्या बर्फांत बंद पडल्या. सामान वेळेवर पोंचेना. २० ऑक्टोबरपर्यंत रसद न आल्यास आम्ही पायीं परत निघूं, असें त्या दोघांनीं कळविलें. तसें ते निघाले तर वाटेंत त्यांचा अंत होणार हें वेगेनर यांस स्पष्ट दिसत होतें.

सप्टेंबरच्या अखेरच्या दिवसांत वेगेनर स्वतः कुत्र्यांच्या गाड्या घेऊन निघाले. बरोबर डॉ. लोवे व तेरा ग्रीनलंडवासी होते. थंडी वाढत गेली, वादळें सुरू झालीं, आणि एकामागून एक बारा माणसें परत फिरलीं. वेगेनर यांनीं त्यांस जाऊं दिलें. रास्मुस व्हिलुम्सेन हा एकटा तरुण ग्रीनलंडवासी मात्र त्यांच्याबरोबर राहिला. पारा शून्याखालीं ५० अंशांच्याही खालीं उतरला. पांच आठवड्यांहून अधिक प्रवास करून ३० ऑक्टोबर रोजीं तिघे ठाण्यावर पोंचले. पाहतात तों, आंतल्या दोघांनीं बर्फांत गुहा खोदून कसाबसा हिवाळा काढण्याचा निश्चय केला होता! लोवे यांच्या पायांची बोटें गोठून मेलीं होतीं. तीं पुढें साध्या चाकूनें कापावीं लागलीं. रसद बहुतेक वाटेंतच राहिली होती, आणि जें अन्न होतें तें पांच जणांस पुरणारें नव्हतें. तेव्हां १ नोव्हेंबर १९३० रोजीं, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशीं, वेगेनर व व्हिलुम्सेन दोन गाड्या व सतरा कुत्रे घेऊन परत निघाले. ते किनाऱ्यास कधींच पोंचले नाहींत.

१२ मे १९३१ रोजीं शोध करणाऱ्यांस जवळ जवळ अर्ध्या वाटेवर बर्फांत उभ्या रोवलेल्या बर्फावरच्या पट्ट्या दिसल्या. त्यांच्याखालीं वेगेनर यांचा देह काळजीपूर्वक शिवलेल्या आच्छादनांत ठेविलेला होता. अतिश्रमानें हृदय बंद पडून त्यांचा अंत झाला असावा. ज्यानें तो अखेरचा संस्कार इतक्या आदरानें केला, त्या व्हिलुम्सेनचा मागमूस मात्र कोणासही लागला नाहीं. आम्ही हें चरित्र लिहितांना त्या विश्वासू तरुणाचें नांव वेगेनर यांच्या नांवाशेजारींच ठेवूं इच्छितों. पत्नीच्या इच्छेप्रमाणें वेगेनर यांचा देह तेथेंच ठेवण्यांत आला. वर लोखंडी क्रूस उभारला. तोही पुढें बर्फानें गिळला.

त्यांच्यामागें त्यांचा सिद्धांत पुष्कळ वर्षें अडगळींत पडला. ब्रिटिश शास्त्रज्ञ आर्थर होम्स यांनीं पृथ्वीच्या पोटांतील उष्ण खडक अतिशय सावकाश वर-खालीं फिरत असावा व त्यायोगें खंडें हालत असावीं असें सुचविलें होतें. पण पुरावा नव्हता. पुरावा समुद्राच्या तळाशीं होता. दुसऱ्या महायुद्धानंतर ध्वनीच्या साहाय्यानें महासागरांची खोली मोजण्याचें काम जोरांत सुरू झालें. १९५२ च्या सुमारास मेरी थार्प या अमेरिकन विदुषीनें तीं मापें कागदावर उतरवितांना पाहिलें कीं, अटलांटिकच्या मध्यावरील पर्वतरांगेच्या माथ्यावरून एक खोल दरी गेली आहे. वेगेनर यांनीं जेथें तळ उसवतो म्हटलें होतें, नेमकी तीच ही जागा! १९६२ सालीं हॅरी हेस यांनीं या सर्वांचा अर्थ लावला. पुढच्याच वर्षीं व्हाइन व मॅथ्यूज यांनीं अरबी समुद्राच्या दक्षिणेकडील कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवरील मापांच्या आधारें दाखविलें कीं, थिजतांना खडकांत उमटलेल्या चुंबकत्वाचे उलटसुलट पट्टे त्या रांगेच्या दोन्ही बाजूंस सारखेच दिसतात; म्हणजे नवा तळ मध्यें उत्पन्न होऊन दोहोंकडे सरकत गेला आहे. १९६८ पर्यंत भूपट्टांचा सिद्धांत पूर्णपणें मांडला गेला.

तो थोडक्यांत असा. पृथ्वीचें कठीण कवच अखंड नसून त्याचे लहान-मोठे अनेक पट्ट आहेत. जेथें दोन पट्ट एकमेकांपासून दूर जातात, तेथें खालचा तप्त खडक वर चढतो. वर येतांना त्यावरील दाब कमी झाला कीं, त्याचा कांहीं अंश वितळतो. हा शिलारस समुद्राच्या तळाशीं थिजून काळा बेसाल्ट खडक बनतो. असें सुमारें ७ किलोमीटर जाडीचें नवें कवच जन्मास येतें. जसजसें तें दूर सरकतें, तसतसें थंड, जड व खोल होत जातें. शेवटीं दुसऱ्या पट्टाशीं गांठ पडली म्हणजे जड झालेला तळ वांकून त्याच्याखालीं बुडतो व पृथ्वीच्या पोटांत परत जातो. अशा ठिकाणीं समुद्रांत भयंकर खोल खंदक पडतात. पॅसिफिकमधील मारियाना खंदक सुमारें ११ किलोमीटर खोल आहे. बुडणारा तळ आपल्याबरोबर पाणी नेतो. तें पाणी खालीं सुटून वरच्या तप्त खडकास वितळवितें, आणि जपान किंवा अँडीज पर्वताप्रमाणें ज्वालामुखींच्या रांगा उठतात. विहिरीवरचा रहाट एका बाजूनें वर येतो व दुसऱ्या बाजूनें खालीं जातो. समुद्राच्या तळाचें तसेंच आहे. बुडणारी बाजू आपल्या वजनानें उरलेला सारा पट्ट मागें ओढून नेते. वेगेनर यांस न सांपडलेली शक्ति मुख्यतः हीच होय. खंडें तळास कापीत जात नाहींत. तीं त्याच पट्टांवर बसून प्रवास करितात.

म्हणूनच मोठ्या महासागरांत २० कोटी वर्षांहून जुना तळ मिळत नाहीं. तो केव्हांच पोटांत गेलेला असतो. खंडांचा खडक हलका असल्यामुळें बुडत नाहीं. म्हणून कॅनडांत सुमारें ४०० कोटी वर्षांपूर्वींचे खडक अजून पाहावयास मिळतात. आणि जेथें दोन खंडेंच समोरासमोर येतात, तेथें कोणीही सहज बुडत नाहीं. दोन्ही चुरगळून वर उचललीं जातात. हिंदुस्थान सुमारें पांच कोटी वर्षांपूर्वीं आशियास भिडला, त्यांतून हिमालय उभा राहिला, व ती टक्कर अजून संपलेली नाहीं. २६ डिसेंबर २००४ रोजीं सुमात्रा बेटाजवळ खालीं दडपला जाणारा हिंदी महासागराचा तळ एकाएकीं निसटला. त्या लाटांनीं तामिळनाडूच्या किनाऱ्यावर केलेला हाहाकार आमच्या पालकांच्या स्मरणांत असेलच. फ्रँकफुर्टच्या त्या व्याख्यानाच्या दिवसापासून आजपर्यंत अटलांटिक महासागर सुमारें अडीच मीटर रुंद झाला आहे. सभेंतील मंडळी विरोध करीत होती, तेव्हांही तो रुंदावतच होता.

वेगेनर यांस आपल्या हयातींत विजय मिळाला नाहीं. मग त्यांचें जीवित विफल झालें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. सत्य कोणाच्या मान्यतेची वाट पाहत नाहीं, व तें कोणा एकाच्या मालकीचेंही नसतें. एकानें पाहिलेलें दुसऱ्यानें सिद्ध करावें, तिसऱ्यानें समजून सांगावें, अशी ती परंपरा आहे. हिस्लॉपसाहेबांनीं जमविलेल्या पानांसही तीत स्थान आहे. आमच्या विद्यार्थ्यांनीं या चरित्रापासून दोन गोष्टी घ्याव्या. आपणांस दिसलेलें सत्य कारण न सांपडल्यामुळें टाकून देऊं नये, आणि विरोधकाच्या रास्त प्रश्नाचा राग मानूं नये. आणखी एक गोष्ट आम्ही पालकांसाठीं राखून ठेविली आहे. ज्या मनुष्यानें खंडें हालतात असें जगास सांगितलें, तो आपल्या दोन सहकाऱ्यांच्या प्राणांची जबाबदारी आली तेव्हां आपल्या जागेवरून तसूभरही हालला नाहीं. पृथ्वी अचला नसेल. परंतु मनुष्याचें कर्तव्य अचल असूं शकतें, हें त्यानें आपल्या पन्नासाव्या वाढदिवशीं दाखवून दिलें.